दिल्लीचा कागद आणि कारेगावचे बिल

शिरूरहून सकाळी पुण्याच्या वाटेला लागलात, म्हणजे घोडनदी पाठीमागे राहते आणि थोड्याच वेळात कारेगाव येते. कारेगाव आणि रांजणगाव यांच्या आसपास रस्त्याच्या कडेला पहिल्या पाळीची माणसे उभी असतात. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. पुढे महागणपतीचे देऊळ. देवळाला येणारे यात्रेकरू आणि कारखान्याला जाणारे कामगार अशी दोन प्रकारची गर्दी ह्या एकाच रस्त्यावर रोज भेटते. एकेकाळी जिरायती बाजरी-मटकीच्या ह्या माळावर आज कोरियाची एलजी आहे, चीनची हायर आहे, अमेरिकेची व्हर्लपूल आहे, आणि इटलीच्या फियाटने टाटांबरोबर भागीदारीत उभारलेला मोटारींचा कारखाना आहे.

आमच्या एका भाच्याने कारेगावजवळ भाड्याच्या गाळ्यात पत्र्याचे छोटे भाग दाबून काढण्याचे काम सुरू केले आहे. दोन प्रेस, एक लेथ, आणि सहा माणसे. २०२५ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, तो वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मामा, हे बघा. रांजणगावात कारखाना असलेल्या एलजीचे अकरा हजार कोटींचे शेअर विकले गेले म्हणे. इतका पैसा आला, मग आपल्या भागात पैसा खेळत का नाही? माझे चार लाखांचे बिल का अडकले आहे?’

आता त्याचे गिऱ्हाईक ही कंपनी नव्हे. तो निराळाच एक कारखाना, आणि त्याचे नाव सांगण्याचे मला कारण नाही. पण प्रश्न मात्र मला पटला. मी शाळामास्तर माणूस. वकील नाही, हिशेबतपासनीसही नाही. पण चाळीस वर्षे मुलांना व्याजाची गणिते घातली असल्यामुळे कागद वाचायची भीती वाटत नाही. भाच्याच्या निमित्ताने मी जे कागद वाचले, त्यांतले तुमच्या-माझ्या उपयोगाचे तेवढे आज सांगणार आहे.

प्रथम ते अकरा हजार कोटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडिया ह्या कंपनीचे सुमारे १५ टक्के भाग लोकांना विकण्यात आले. किंमत सुमारे ११,६०७ कोटी रुपये. १४ ऑक्टोबरला ते भाग शेअरबाजारात दाखल झाले. पण ही विक्री कोणी केली? कोरियातल्या मूळ कंपनीने. तिच्या मालकीचे जुने भाग तिने विकले, आणि पैसे तिच्याकडे गेले. नवे भाग काढलेच नाहीत, त्यामुळे इथल्या कंपनीच्या तिजोरीत ह्या विक्रीतून एक रुपयाही आला नाही. समजा, तुमच्या गावातल्या विहिरीत तुमचा आणि पाहुण्याचा असा दोघांचा हिस्सा आहे. पाहुण्याने आपल्या हिश्श्यातला तुकडा तिसऱ्याला विकला. पैसे पाहुण्याच्या खिशात गेले, विहिरीचे पाणी काही वाढले नाही. एवढाच तो व्यवहार. ह्यात कायद्याविरुद्ध काही नाही. परदेशी मालकाला आपला हिस्सा विकून पैसे मायदेशी नेता यावेत, अशीच आपल्या कायद्याची आजची रचना आहे.

ही रचना पूर्वी अशी नव्हती, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवेल. १९७३ साली परकीय चलनाचा एक कडक कायदा झाला. बहुतेक धंद्यांत परदेशी कंपनीने इथे ४० टक्क्यांहून अधिक हिस्सा ठेवू नये, असा त्याचा रोख. कोकाकोला आणि आयबीएम ह्या कंपन्या १९७७-७८ च्या सुमारास गाशा गुंडाळून गेल्या, त्या ह्याच काळात. त्या कायद्याखाली चलनाचा गुन्हा म्हणजे तुरुंगाची गोष्ट होती. पुढे २४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण आले आणि दार उघडले. १९७३ च्या कायद्याची जागा १९९९ च्या नव्या कायद्याने घेतली. तो १ जून २००० पासून लागू झाला, आणि चूक झाली तर मुख्यतः दंड असे त्याचे स्वरूप झाले. आता पुष्कळशा धंद्यांत परदेशी माणसाने सरकारची आधी परवानगी मागायची नसते. पैसे आणायचे, भाग घ्यायचे, आणि तीस दिवसांच्या आत रिझर्व्ह बँकेला कळवायचे. संरक्षणासारख्या काही मोजक्या धंद्यांत मर्यादा आणि परवानगी आहे, ती वेगळी.

तरी दार उघडे म्हणजे उंबरठा काढून टाकला असे नाही. १७ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, केंद्र सरकारने एक छोटी अधिसूचना काढली. दीड-दोन पानांचा मजकूर. ज्या देशांची जमीन-सरहद्द भारताला लागून आहे, तिथल्या कोणाला इथे पैसे गुंतवायचे असतील, तर आधी सरकारची परवानगी घ्यावी, असे तीत ठरवले. बाजार पडलेला असताना आपल्या कंपन्या कोणी मातीमोलाने विकत घेऊ नयेत, हा हेतू. अधिसूचनेत चीनचे नाव नाही, पण रोख सर्वांना कळला. रांजणगावात हायरचा कारखाना त्याआधीच उभा होता. तो चालूच राहिला, पण नवा पैसा आणायचा तर वाट लांबची झाली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये हायरच्या भारतातल्या कंपनीचा ४९ टक्के हिस्सा भारती समूह आणि वॉरबर्ग पिंकस ही अमेरिकन गुंतवणूक संस्था मिळून घेणार, असे जाहीर झाले. अशा व्यवहाराला कारणे अनेक असतात. एका अधिसूचनेवर सगळे घालू नये. पण कारेगावच्या चहाच्या टपरीवर ‘कंपनी विकली का काय?’ अशी चर्चा दोन दिवस चालते, तेव्हा तिचे एक टोक दिल्लीतल्या दीड पानात असू शकते, एवढे ध्यानात असू द्या.

हे झाले मालकांचे. आता कामगारांकडे येऊ, कारण आपल्या घरांतून रोज माणूस जातो तो कामाला.

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या जागेची सुरक्षितता असे त्यांचे चार विषय. जुने एकोणतीस कायदे त्यांत सामावले. पहिली संहिता २०१९ ची आणि उरलेल्या तीन २०२० च्या. म्हणजे मंजूर होऊन कपाटात पाच-सहा वर्षे पडून होत्या. परदेशी आणि देशी भांडवलवाले बरीच वर्षे म्हणत होते की, इथे कामगारकायद्यांचे जंगल आहे, एका कारखान्याला दहा वह्या ठेवाव्या लागतात. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. पण जंगल तोडताना कोणाचे झाड गेले आणि कोणाला सावली मिळाली, हे बघायला नको का?

गेले ते असे. जुन्या मध्यवर्ती कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कामगारकपात करायची अथवा कारखाना बंद करायचा, तर सरकारची आधी परवानगी लागे. नव्या संहितेत ती मर्यादा तीनशेवर नेली. म्हणजे अडीचशे कामगारांच्या कारखान्याने कपात केली, तर नोटीस आणि भरपाई द्यावी लागेल, परंतु परवानगी मागावी लागणार नाही. शिरूर तालुक्यात सणसवाडीपासून रांजणगावपर्यंत अशा मध्यम आकाराचे कारखाने किती आहेत, हे तुम्हीच मोजा.

आणि मिळाले ते असे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे. पूर्वी आमच्याकडे ‘कंपनीत लागला’ असे म्हणत, पण लागला म्हणजे कुठे, कोणाकडे, किती पगारावर, ह्याचा कागद विचाराल तर घरात नसे. असायचे ते एक ओळखपत्र, आणि त्यावर ठेकेदाराचे नाव. आता कागद मागण्याचा हक्क आहे. दुसरे, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या कामगाराला एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी मिळते. पूर्वी १९७२ च्या कायद्याने त्यासाठी पाच वर्षे भरावी लागत. तिसरे, नोकरी सुटली की राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे. चौथे, पगाराच्या चिठ्ठीवर मूळ वेतन थोडे आणि भत्तेच भत्ते, हा खेळ आता आटोक्यात येईल, कारण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी वाढेल. मात्र काही जणांच्या हाती महिन्याला येणारी रक्कम थोडी घटू शकेल. घरी पगार कमी आला म्हणून भांडण होण्याआधी चिठ्ठी वाचावी, म्हणून मुद्दाम सांगितले.

इथे एक गोष्ट पुष्कळांची गफलत करते. ठरावीक मुदतीचा कामगार वेगळा आणि ठेकेदाराचा कामगार वेगळा. पहिला कंपनीच्या हजेरीपटावर असतो, फक्त त्याच्या नेमणुकीला शेवटची तारीख असते. दुसरा ठेकेदाराच्या पटावर. एक वर्षाच्या ग्रॅच्युइटीची गोष्ट पहिल्याची. दुसऱ्याला ती आपोआप लागू होत नाही. परंतु ठेकेदार वेतन बुडवून पळाला, तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, आणि ती संहितेतही कायम आहे. तेव्हा ‘ठेकेदार गेला, आता कोणाकडे मागू?’ असे म्हणून परभणीचा किंवा बिहारचा पोरगा सामान बांधून निघत असेल, तर त्याला थांबवा आणि एवढे सांगा.

शिक्षकबंधूंनी नववीच्या वर्गात हे गणित घालावे. महिन्याचे वेतन १५,६०० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात. सव्वीसने भागले की रोज ६०० रुपये. वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे ९,००० रुपये. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हे गणित खरे असते. मुले ते घरी जाऊन विचारतात, हा माझा अनुभव.

आता जरा दौंडकडे वळू. शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला, मग सोलापूर रस्त्याने पाटस मागे टाकले की कुरकुंभ. कुरकुंभची वसाहत रसायनांची. तिथे विषय पगाराच्या कागदाइतकाच हवेचा आणि पाण्याचा आहे. धंदा सुलभ व्हावा म्हणून २०२३ साली संसदेने जनविश्वास कायदा केला. बेचाळीस कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली फौजदारी शिक्षा त्याने काढली किंवा सौम्य केली. कित्येक तरतुदी खरोखर क्षुल्लक चुकांसाठी माणसाला तुरुंग दाखवणाऱ्या होत्या. त्या गेल्या ते बरे झाले. पण त्याच यादीत १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदाही होता. त्यात नियमभंगाला पाच वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. तो न्यायालय नव्हे, तर नेमलेला अधिकारी चौकशी करून ठरवतो. नियमभंग चालूच ठेवला तर रोजचे दहा हजार आणखी. कैद आता दंड न भरल्यास.

ह्यावर दोन मते आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एक म्हणते, कैदेची शिक्षा कागदावरच राहत असे, खटले वर्षानुवर्षे चालत, त्यापेक्षा लवकर वसूल होणारा दंड बरा. दुसरे म्हणते, मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे किरकोळ खर्च, तो हिशेबात धरून चालेल. माझे मत विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला झुकतो. ज्याच्या विहिरीच्या पाण्याचा रंग बदलतो, त्याच्या एका हंगामाचे नुकसान लाखांत जाते, आणि दंड तर सरकारजमा होतो. असो. विषय मोठा आहे. कुरकुंभमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. नव्या संहितांबरोबर सरकारने चाळिशीपुढच्या कामगारांसाठी वर्षातून एक मोफत आरोग्यतपासणी जाहीर केली आहे. ती मागून घ्या, आणि तपासणीचा कागद घरी आणून ठेवा. पुढे दमा-खोकल्याचा प्रश्न आला, तर आधीची छाती कशी होती हे सांगणारा तोच एक साक्षीदार.

परत कारेगावला येऊ. भाच्याच्या चार लाखांचे काय झाले, ते राहिले.

भाच्याने माल दिला २ सप्टेंबरला. कारखान्याच्या खरेदीच्या ऑर्डरवर छापलेले होते, ‘बिलाची रक्कम ९० दिवसांनी.’ भाचा म्हणाला, ‘मामा, मीच ते कबूल केले आहे, आता बोलायला तोंड कुठे?’ मी सांगितले, तोंड आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. त्याचे पंधरावे कलम म्हणते की, लघु किंवा सूक्ष्म उद्योगाचा माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. लेखी करारात नव्वद लिहा की एकशेवीस, पंचेचाळीसच्या पुढे ते चालत नाही. आणि लेखी करारच नसेल, तर मुदत पंधरा दिवसांची. मालात खोट असेल तर घेणाऱ्याने पंधरा दिवसांत लेखी कळवायचे. गप्प बसला तर माल पसंत पडला असे कायदा धरतो. २ सप्टेंबरपासून पंचेचाळीस दिवस म्हणजे १७ ऑक्टोबर. मुदत दिवाळीच्या आधीच संपली होती.

मुदत उलटली की व्याज सुरू. साधे नव्हे, चक्रवाढ, दर महिन्याला मुद्दलात मिळवायचे, आणि दर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. बँक रेट बदलत असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून सहा टक्के धरा, तिप्पट अठरा, म्हणजे महिन्याला दीड टक्का. चार लाखांवर पहिल्या महिन्याचे ६,००० रुपये, दुसऱ्या महिन्याचे ६,०९०, तिसऱ्याचे ६,१८१. पाच महिन्यांत सुमारे ३०,९०० रुपये होतात. मास्तर मंडळींनी हेही फळ्यावर घ्यावे. पुस्तकातला सावकार मुलांना ओळखीचा असतो. इथे कायद्यानेच गरीब धनकोच्या बाजूने सावकारी व्याज लावले आहे, हे त्यांना गमतीचे वाटेल.

पैसे तरीही दिले नाहीत, तर ह्याच कायद्याने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे जाता येते. अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. परिषदेने दिलेल्या निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायचे, तर मोठ्या कारखान्याला निवाड्याच्या रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात. निकाल नव्वद दिवसांत द्यावा असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागलेली प्रकरणे पुष्कळ आहेत, हेही सांगितले पाहिजे.

आणि एक चिमटा आणखी आहे, तो २०२३ च्या अर्थविधेयकाने आणला आणि १ एप्रिल २०२४ पासून जाणवू लागला. लघु अथवा सूक्ष्म उद्योगाचे बिल कायद्याच्या मुदतीत दिले नाही आणि ३१ मार्चलाही ते थकलेलेच असेल, तर घेणाऱ्या कारखान्याला त्या वर्षीच्या आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी दाखवायचा. म्हणजे चार लाख थकवले, तर चार लाखांचा नफा झाला असे धरून त्यावरचा कर, सुमारे एक लाख, ह्या वर्षी भरा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. कलमाचा आकडा बदलला, तरतूद राहिली. कारखान्याचे मालक कोरियात असोत की पुण्यात, त्यांचा हिशेबनीस इथल्या आयकराला भितो. म्हणून पूर्वी ‘मार्च आहे, आता पैसे नाहीत’ असे उत्तर मिळे, तिथे आता मार्चमध्येच फोन येऊ लागले आहेत.

पण हे सगळे कोणाला? ज्याची नोंदणी आहे त्याला. १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नावाची नोंदणी आहे. ती आधारवरून होते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. दीड-दोन हजार मागणारा कोणी भेटला, तर तो सरकारचा माणूस नव्हे. नोंदणी माल देण्याआधी करावी. बिल थकल्यावर धावपळीने केलेल्या नोंदणीवरून न्यायालयात वाद उभे राहिले आहेत. तसेच हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. आयकराच्या त्या चिमट्याचा फायदा नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मिळत नाही.

१ एप्रिल २०२५ ला ह्या उद्योगांच्या व्याख्याही रुंदावल्या. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल, तो सूक्ष्म उद्योग. पंचवीस कोटी आणि शंभर कोटी, तो लघु. त्याआधी लघुउद्योगाची उलाढाल पन्नास कोटींपर्यंतच धरत. अधिक कारखान्यांना संरक्षण मिळाले, हे चांगलेच. पण मनात येते ते बोलतो. शंभर कोटींची उलाढाल करणारा आणि दोन प्रेसवाला आमचा भाचा आता एकाच रांगेत उभे आहेत. सवलतीच्या कर्जाचा अर्ज असो की परिषदेची तारीख, रांगेत पुढे कोण सरकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

भाच्याने परिषदेकडे अर्ज केला का? नाही केला. मी पुष्कळ सांगितले. तो म्हणाला, ‘मामा, व्याजाचे तीस हजार मिळतील आणि ऑर्डर जाईल. सहा माणसांचे पगार कुठून काढू?’ त्याच्या ह्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी दोघांनी बसून एक पत्र लिहिले. त्यात भांडणाचा शब्द नाही. फक्त बिलाची तारीख, माल पोचल्याची तारीख, उद्यम नोंदणीचा आकडा, आणि ‘३१ मार्चपूर्वी रक्कम मिळाल्यास आपल्या आयकराच्या दृष्टीनेही सोयीचे होईल’ असे एक सौम्य वाक्य. फेब्रुवारीत ते पोचवले आणि पोच घेतली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार लाख खात्यावर जमा झाले. व्याज नाही. त्याने मागितलेही नाही. आणि पुढची ऑर्डर आधीपेक्षा निम्मी आली. ती त्या पत्रामुळे की त्यांचाच धंदा मंद होता म्हणून, हे कळायला मार्ग नाही.

पत्र लिहिताना एक अडचण आली होती. माल २ सप्टेंबरला दिला, पण दाराशी चलनावर तारीख घातलेलीच नव्हती. नुसती एक वेडीवाकडी सही. सुदैवाने टेम्पोवाल्याच्या वहीत त्या फेरीची नोंद सापडली, म्हणून निभावले. त्यानंतर भाच्याने शिरूरच्या बाजारपेठेतून एक रबरी शिक्का करून आणला. ‘माल मिळाला. तारीख. वेळ. सही.’ पहिल्या दिवशी कारखान्याच्या दारावरचा रखवालदार हसला. म्हणाला, ‘काय शेठ, तहसील कचेरी उघडली का?’ आता टेम्पो दाराशी लागला की तो आपणहून विचारतो, ‘शिक्का आणलाय ना?’ आणि खिशातले पेन काढतो.